दुखणं थांबलं, पण पाऊल उचलेना

पाठदुखीसाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. उसण भरते, लचक बसते, चमक निघते, कंबर धरते, कळ मारते, ठणका लागतो. रुग्ण यातला कोणता शब्द वापरतो यावरूनही कधीकधी अर्धं निदान होतं. बधिरपणाच्या बाबतीत मात्र भाषा हात आखडता घेते. मुंग्या आल्या, पाय जड पडला, सुन्न झाला, बस्स. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत रोज जी रांग लागते, तीही अशीच एकतर्फी असते. ज्याचं दुखतं तो रांगेत येऊन उभा राहतो. ज्याचं दुखत नाही, फक्त पायाला लागलेलं कळत नाही, तो घरीच असतो. आणि डॉक्टरची गरज बऱ्याचदा त्या दुसऱ्याला जास्त असते.

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. या पट्ट्यातल्या माणसांची पाठ कशाने दुखते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पावसाळ्यात चिखलात वाकून भातलावणी, मग तासन्‌तास उकिडवं बसून निंदणी, आणि दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबांचं बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला स्थलांतर. कोयत्याने ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. बायकांना याखेरीज पाणी, सरपण आणि कडेवरचं मूल. एवढं करून कंबर दुखली नाही तरच नवल. प्रश्न वेगळाच आहे. सगळ्यांचीच कंबर दुखते म्हटल्यावर त्यातली कोणती कंबर निराळी, हे ओळखायचं कसं?

आधी दिलासा देणारी गोष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. यातल्या बहुतेकांच्या दुखण्यामागे कोणताही गंभीर आजार सापडत नाही. स्नायू, सांधे, अस्थिबंध यांच्यावर पडलेला ताण, एवढंच. अशी कंबर बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुधारते. फार तर सहा आठवडे धरा. या काळात अंथरुणाला खिळून राहणं हा उपाय नाही, उलट त्याने बरं व्हायला वेळ लागतो. झेपेल तेवढं चालावं, हलकं काम करावं, शेक घ्यावा, वजन उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकावं. वेदनाशामक गोळी डॉक्टरला विचारून थोडे दिवस घ्यावी. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घ्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचा महिमा टिकला याचं कारण हेच की बहुतेक उसण तशीही चार-आठ दिवसांत उतरणारच असते, आणि श्रेय लाथेला जातं. आता ती जागा सुईने घेतली आहे. ‘ताकदीचं इंजेक्शन’ नावाखाली कुठल्या तरी खोलीत काय टोचलं जातं हे रुग्णाला माहीत नसतं. त्यात स्टिरॉइड असेल तर साखर वाढते आणि आतला क्षयरोग काही काळ झाकला जातो. कुल्ल्यावर चुकीच्या जागी टोचलेली सुई पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेलाच इजा करू शकते. कंबरेच्या दुखण्यासाठी इंजेक्शन घेतलं आणि त्याच क्षणी पायात वीज चमकून पाऊल लुळं पडलं, असे रुग्ण पाहिलेला डॉक्टर सहसा सुईची घाई करत नाही. डाग देण्याबद्दल एवढंच सांगतो की चटक्याची नवी वेदना जुनी वेदना थोडा वेळ विसरायला लावते. बधिर कातडीला दिलेला चटका मात्र रुग्णाला कळतच नाही, आणि मग जखम चिघळते.

एमआरआयचं वेड हे याचंच शहरी रूप. मणक्यांमधल्या गाद्यांची झीज ही बरीचशी केस पिकण्यासारखी असते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहिले, तर विशीतल्या साधारण ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आढळलं होतं. म्हणजे रिपोर्टात ‘गादी सरकली’ असं लिहून आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि रिपोर्ट नाही म्हणून निदान अडतं असंही नाही. पायातली ताकद, पायाची संवेदना आणि लघवीबद्दलचे दोन प्रश्न यांना मशीन लागत नाही. ते आधी झालं पाहिजे.

आता त्या निराळ्या कमरेकडे येऊ. आपण सगळे दुखण्याच्या तीव्रतेवरून आजार मोजतो. जास्त दुखलं म्हणजे जास्त आजार, कमी झालं म्हणजे बरं वाटलं. स्नायूंच्या बाबतीत हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. नसेच्या बाबतीत तो उलटतो. मणक्यामधली गादी फुगून शेजारच्या नसेवर दाब देते तेव्हा आधी कळ जाते, कुल्ल्यातून मांडीच्या मागून पार पोटरीपर्यंत. मग मुंग्या येतात. मग एक पट्टा बधिर होतो. दाब तसाच राहिला तर पायाची ताकद कमी होते, आणि याच टप्प्यावर पुष्कळदा वेदना ओसरते. नस बातमी पोहोचवण्याचंच काम थांबवते, म्हणून. घरचे म्हणतात, ‘आता बरं आहे, रात्री झोप लागली.’ तो मात्र चालताना पाऊल आपटत असतो.

ऊसतोडीहून परतलेल्या तिशीतल्या एका गड्याचं असंच झालं होतं. तळावर असताना कळ इतकी होती की त्याला बसवत नव्हतं. तिथल्याच एका दवाखान्यात चार इंजेक्शनं झाली. पाचव्या दिवशी कळ गेली. त्याने पुन्हा मोळी उचलली. सिझन संपवून तो आमच्याकडे आला ते पायातली चप्पल राहत नाही म्हणून. घोट्यापासून पाऊल वर उचलत नव्हतं. गादी कधीच शांत झाली होती, पण मधल्या अडीच महिन्यांत नस वाळली होती. आज तो प्लास्टिकची पट्टी बांधून चालतो. त्याचं शेत उताराचं आहे.

म्हणून कळ असो वा नसो, घरी दोन गोष्टी करून पाहाव्यात. भिंतीला हात टेकवून आधी नुसत्या टाचांवर दहा पावलं चाला, मग नुसत्या चवड्यांवर. एका पायाची टाच किंवा चवडा साथ देत नसेल, किंवा अंगठा दाबाविरुद्ध वर उचलता येत नसेल, तर सहा आठवड्यांची मुदत तिथेच संपली. एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठायचा. ही कमजोरी वाढत असेल तर त्याच दिवशी. कळ आणि मुंग्या आहेत पण ताकद पूर्ण आहे, अशांनी आठवडा-दोन आठवड्यांत दाखवावं. त्यातले बहुतेक ऑपरेशनशिवाय बरे होतात.

एक प्रसंग मात्र असा आहे की तिथे सकाळची वाट पाहायची नाही. मज्जारज्जू खाली संपतो तिथे नसांचा एक झुपका असतो, घोड्याच्या शेपटासारखा. त्याचं वैद्यकीय नाव, कॉडा इक्वायना, याचा अर्थही तोच. दोन्ही पाय, लघवी, शौच आणि लैंगिक संवेदना यांच्या तारा या झुपक्यातून जातात. मोठी गादी फुटून त्यावर बसली की घोड्यावर बसताना अंगाचा जेवढा भाग खोगिराला टेकतो, तेवढाच बधिर होतो. शौचाला गेल्यावर धुताना पाण्याचा स्पर्श नीट लागत नाही. लघवी तुंबते, किंवा तुंबून थेंब थेंब गळते. काहींना लघवी झालेली कळतच नाही. दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा येतो. कंबरदुखीबरोबर यातली एक जरी गोष्ट नव्याने आली तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. दाब लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या ४८ तासांत, काढला तर लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता बरीच असते. उशीर झाला की ऑपरेशन यशस्वी होऊनही माणूस आयुष्यभर नळीवर राहू शकतो.

हा आजार दुर्मीळ आहे हे मान्य. पण तो हातचा जातो तो दुर्मीळ असल्यामुळे कमी आणि लाजेमुळे जास्त. खालचा भाग बधिर झाला हे सासूसमोर, नवऱ्यासमोर आणि पुरुष डॉक्टरसमोर बोलायचं कसं? बाई सांगते, ‘कंबर दुखते.’ लघवी कमी होते याचं कारण ऊन, कमी पाणी किंवा ‘उन्हाळी लागली’ असं ठरवलं जातं. डॉक्टरही विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की कंबरदुखीच्या रुग्णाला लघवीबद्दल न विचारता पाठवणं म्हणजे छातीत दुखणाऱ्याची नाडी न पाहता पाठवण्यासारखं आहे. तुमच्या डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्ही सांगा. बोलायला जमत नसेल तर नर्सताईंच्या किंवा आशाताईंच्या कानात सांगा. रुग्णाला नेताना १०८ ला फोन करून ‘कंबर दुखते’ असं सांगू नका. ‘पाय लुळे पडलेत, लघवी बंद आहे’ असं सांगा. आणि जिथे पोहोचाल तिथे पहिलं वाक्य तेच असू द्या. धुळे, सुरत, नाशिक यांपैकी कुठे पाठवायचं हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी त्यांना खरी तक्रार कळली पाहिजे.

अपघाताचं थोडं वेगळं आहे. ताडावरून, मोहाच्या झाडावरून किंवा ट्रॅक्टरवरून पडलेल्या माणसाला आपण आधी उठवून बसवतो आणि पाणी पाजतो. दोन्ही चुकीचं. पाड्यावरून खाली आणताना बांबूला बांधलेली झोळी वापरतात. रस्ताच नाही तिथे दुसरं काय वापरणार, याचा दोष झोळी उचलणाऱ्यांना देता येत नाही. मात्र झोळीत पाठ वाकते आणि मोडलेला मणका आत मज्जारज्जूला चेपू शकतो. पडल्यानंतर पाठ किंवा मान दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर चार जणांनी अंग एकसंध ठेवून दाराच्या फळीवर किंवा जाड पाटीवर उताणं निजवावं, मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याचे गुंडाळे लावावेत, आणि तसंच न्यावं. मऊ बाजेपेक्षा कठीण फळी बरी.

काही पाठदुखी अशी असते की ती येताना गाजावाजा करत नाही. काम केल्याने वाढते आणि निजल्याने थांबते ती पाठ मला फारशी काळजीची वाटत नाही. निजल्यावरही दुखते, रात्री जागं करते, आठवड्यागणिक थोडी थोडी वाढते, सोबत संध्याकाळी कणकण येते, भूक मेली आहे, कपडे ढिले होत आहेत, ती पाठ क्षयरोगाची असू शकते. क्षयरोग म्हणजे खोकला हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की मणक्याच्या क्षयरोगाचा रुग्ण महिनोन्‌महिने मलम चोळत बसतो. इंग्लंडमधल्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७९ साली कुबड आणि लुळे पडलेले पाय यांचा संबंध लिहून ठेवला. इजिप्तच्या ममींच्या मणक्यांतही या रोगाच्या खुणा सापडल्या आहेत. एवढा जुना आजार, औषध हाताशी, फुकट, तरी आजही आमच्याकडे रुग्ण पाय गेल्यावर येतो. औषध वर्षभर, कधी दीड वर्षापर्यंत घ्यावं लागतं, पण लवकर सुरू केलं तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारी ५०० रुपयांची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात येते. खातं आधारला जोडलेलं नसेल तर उपचार सुरू करतानाच ते काम करून घ्या.

लहान मुलांबद्दल एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूल सहसा कंबरदुखीची तक्रार करत नाही. केली तर ती नेहमी खरी धरावी. जमिनीवर पडलेलं चिंचेचं बोटूक उचलायला सांगा. निरोगी मूल सहज कमरेतून वाकेल. मणका दुखतो ते मूल पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून खाली बसेल आणि हात मांडीवर टेकवत उठेल. असं दिसलं तर शाळा बुडवून दाखवायला आणा.

सिकलसेलची माणसंही आमच्या भागात पुष्कळ. त्यांना हा सहा आठवड्यांचा हिशेब लागू नाही. पाठीत आणि हातापायांत अचानक उठलेली असह्य वेदना, विशेषतः ताप, धाप किंवा छातीत दुखण्याबरोबर आली तर त्याच दिवशी दवाखाना. सिकलसेल तपासणीचं कार्ड कामावर जातानाही खिशात ठेवावं. तळाजवळच्या डॉक्टरला तुमचा आजार कळायचा तो त्या कार्डावरून.

आता नुसत्या बधिरपणाबद्दल, ज्याच्याबरोबर दुखणं येतच नाही. नंदुरबार जिल्ह्यात त्याचा विचार करताना पहिलं नाव कुष्ठरोगाचं घ्यावं लागतं. २००५ च्या अखेरीस भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. लोकांनी आणि काही डॉक्टरांनीही त्याचा अर्थ रोग गेला असा घेतला. तो गेलेला नाही. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही, वेदना नाही, ज्यावर घाम येत नाही, केस विरळ झाले आहेत, आणि कापसाचा बोळा फिरवला तर डोळे मिटलेल्या माणसाला कळत नाही, असा चट्टा दिसला की वाट पाहण्याचं काही कारण उरत नाही. खाजणाऱ्या नायट्यासाठी माणूस दुसऱ्या दिवशी मलम मागायला येतो. हा चट्टा वर्ष-वर्ष तसाच राहतो. चट्ट्याशिवायही सुरुवात होते. करंगळी बधिर होते, ती वाकडी राहू लागते, भाकरी थापताना तव्याचा चटका कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं.

कुष्ठरोगात बोटं ‘झडतात’ हा समज अजून आहे. वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं की बोटं रोगाने गळून पडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, रात्री उंदीर कुरतडून जातात तरी जाग येत नाही. वेदना ही माणसाची राखणदार आहे आणि तीच गेलेली असते. मी या लेखात बधिरपणाला दुखण्यापेक्षा वरचं स्थान देतोय ते याच कारणाने.

यात एक मुदत आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. नसेचं काम बंद पडून सहा महिन्यांच्या आत रुग्ण आला, तर स्टिरॉइडच्या गोळ्यांचा ठरलेला कोर्स देऊन संवेदना आणि ताकद बऱ्याच अंशी परत मिळवता येते. (इंजेक्शनातल्या स्टिरॉइडला वर नावं ठेवली आणि इथे त्याचीच शिफारस, असं कुणी म्हणेल. औषध तेच असतं, पण निदान करून, मात्रा ठरवून आणि साखर तपासून दिलेलं निराळं.) सहा महिने उलटले की परतीची आशा झपाट्याने कमी होते. मूळ रोगावरचं बहुविध औषध सहा किंवा बारा महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. ऊसतोडीची उचल घेऊन निघालेला माणूस ‘आल्यावर दाखवू’ म्हणतो, आणि जाऊन यायला त्याला नेमके पाच-सहा महिने लागतात. म्हणजे मुदत अख्खी तळावर संपते. चट्टा दसऱ्याला दिसला असेल तर निघण्याआधी दाखवा. उपचार सुरू असतील तर महिन्यांची औषधं आणि उपचाराचं कार्ड बरोबर न्यायची सोय करून मागा. ती होते.

मधुमेहाचा बधिरपणा दोन्ही तळपायांना, मोजा घातल्यासारखा येतो. कापसावर चालल्यासारखं वाटतं असं रुग्ण सांगतात. तो हळू वाढतो. दर संध्याकाळी पाय धुवून तळवे आरशात पाहणं, अनवाणी न फिरणं आणि साखर आटोक्यात ठेवणं, एवढ्याने पाय वाचतात. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि दूध-अंडी-मांस क्वचितच मिळणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. दारूनेही नसा खराब होतात. लग्नाच्या रात्री बाजेच्या कडेवर हात टाकून झोपलेल्या माणसाचं मनगट सकाळी लुळं पडतं आणि घरचे ‘वारं गेलं’ म्हणून भगताकडे नेतात. हे मनगट बहुधा काही आठवड्यांत सुधारतं. निंदणीला दिवसभर उकिडवं बसून गुडघ्याच्या बाहेरची नस दबते, तेही असंच. मात्र हे दोन्ही ‘असंच’ आहे, हे एकदा डॉक्टरने पाहून ठरवावं.

शेवटी वेगाविषयी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला. तेव्हा पार आमच्या ओपीडीतही मांडी घालून बसल्याने मुंग्या आलेली तरणी मुलं घाबरून आली होती. भीती समजण्यासारखी होती. पण त्यातून शिकायचं ते मुंग्यांना घाबरणं नव्हे. या आजारात जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी दोन्ही पायांत मुंग्या सुरू होतात, पाठ दुखते, आणि दिवसादिवसाला अशक्तपणा वर चढतो. आज जिना चढवत नाही, उद्या उकिडवं बसून उठवत नाही, परवा हात उचलत नाहीत, मग गिळायला आणि श्वासाला अडचण. कालच्यापेक्षा आज वर सरकलेला बधिरपणा, आणि त्याबरोबर कमी होणारी ताकद, याला घरी ठेवायचं नाही. वेळेत दाखल झालेले बहुतेक रुग्ण बरे होतात. आणि एका क्षणात आलेला, अंगाच्या एकाच बाजूचा बधिरपणा, सोबत वाकडं तोंड किंवा अडखळती जीभ, हा अर्धांगवायू समजायचा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. चिंचपाड्यासारख्या ठिकाणाहून स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचायला त्यातला बराच वेळ जातो, म्हणून पाच मिनिटंही लिंबू-हळद करण्यात घालवू नयेत.

रात्री हात झोपतो आणि झटकला की जागा होतो, गरोदरपणात बोटांना पहाटे मुंग्या येतात, बराच वेळ बसून उठल्यावर पाय जड वाटतो आणि चार पावलांत मोकळा होतो, यासाठी धावपळ नको. पुढच्या वेळी दवाखान्यात आलात की सांगा.

आता थोडं आमच्या यंत्रणेबद्दल. क्षयरोग आणि कुष्ठरोग शोधण्यासाठी आशाताई घरोघर फिरतात. चट्टा विचारतात, खोकला विचारतात. त्यात आणखी दोन प्रश्न घालायला एक पैसाही लागणार नाही. घरात कुणाची पाठ रात्री झोपू देत नाही का, आणि कुणाच्या पायातून चप्पल नकळत निसटते का. पाठीचा क्षयरोग आणि नसेचा कुष्ठरोग, दोन्ही या प्रश्नांत सापडतील. मोहिमेचं वेळापत्रकही ऊसतोडीच्या हिशेबाने लावायला हवं. गाव अर्धं रिकामं झाल्यावर घरं तपासून कागद भरतात, रुग्ण तळावर असतो. टोळ्या निघण्याआधीचा पंधरवडा आणि होळीला माणसं गावी येतात तो आठवडा, हे आमचे खरे दिवस. आणि कामावर दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरून पैसे कापले जात असतील, तर मी इथे कितीही तास आणि महिने मोजून सांगितले तरी ऐकणाऱ्याने ते पाळायचे कसे, याचं उत्तर मुकादम, कारखाने आणि दोन्ही राज्यांच्या कामगार खात्यांनी द्यायचं आहे.